पापणीत सव्वा ग्रॅम सोनं

माझा चेहरा उजव्या बाजूने हलत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही त्याचीच वाट बघत बसणार नाही. मी हसले की डावी बाजू हसते आणि उजवी नुसती थांबते. पाणी पिताना उजव्या कोपऱ्यातून गळतं. फोटोत मी अर्धी रागावलेली दिसते. रागावलेली नसते. कधीकधी असतेही.

माझं नाव अर्चना, वय सव्वीस. मालवीय नगरमधल्या एका कंपनीत मी ट्रेनर आहे. नव्याने लागलेल्या मुलामुलींना ग्राहकांशी फोनवर कसं बोलायचं ते शिकवते. म्हणजे काम सगळं तोंडाचं. ऑपरेशन आणि रेडिएशन मिळून सहा महिने सुट्टी झाली, आणि त्या सहा महिन्यांत माझ्यापुढे खरा प्रश्न एकच होता: मी परत बॅचसमोर उभी राहणार की नाही? गाठ डॉक्टरांनी काढली. हा प्रश्न मलाच काढायचा होता.

तुमच्या हातात आत्ता एखादा रिपोर्ट असेल, किंवा तुमच्या चेहऱ्याचं, हातापायाचं काही झालं असेल आणि घराबाहेर पडायचं धाडस होत नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय.

साथ में कौन है?

कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर वाटाण्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून मी वर्षभर तिला हात लावून बघण्यापलीकडे काही केलं नाही. ती बोराएवढी झाली तेव्हा दाखवली. सुई घालून तपासणी झाली, आणि रिपोर्ट घ्यायला मी जेवणाच्या सुट्टीत एकटीच गेले.

डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं. "साथ में कौन है?"

"मीच आहे," मी हिंदीत म्हटलं. "मी ग्रॅज्युएट आहे. मला सांगा."

आता आठवलं की हसू येतं. कॅन्सर आणि बी.कॉम.चा काय संबंध? पण आमच्या घरात असंच चालत आलंय. आम्ही मूळचे विट्याकडचे. आप्पा लग्नाआधीच गलाईच्या कामाला जयपूरला आले. गलाई म्हणजे सोनारांकडचे जुने दागिने, दुकान झाडलेली धूळसुद्धा, भट्टीत वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं करायचं. आप्पा सातवी, आई चौथी. घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. गॅसच्या फॉर्मपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत घरातला प्रत्येक कागद दहावीपासून मीच वाचत आले. हाही वाचला.

तिथून रिक्षा करून थेट जौहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत आप्पांच्या भट्टीवर गेले. आप्पांनी चिमट्यात मूस धरली होती, वितळलेलं सोनं साच्यात ओतत होते. मला थांबवलं नाही. मी मागून सांगून टाकलं. त्यांचा हात हलला नाही. सोन्याची धार मध्येच तोडता येत नाही. पूर्ण ओतून झालं, मूस खाली ठेवली, आणि मग आप्पा जमिनीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

"डाक्टर काय म्हनला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काढायची म्हणाला."

"मग काढू. आईला मी सांगतो. तू न्हाय सांगायचं."

पण त्यांना जमलं नाही. घरी जाऊन त्यांनी नुसतं ताट बाजूला सरकवलं, आणि आईला समजलं.

हसून दाखवा

चेहरा हलवणारी नस त्या गाठीच्या मधूनच जाते, हे मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. वाचवायचा प्रयत्न करू, नाही जमलं तर कापावी लागेल. सगळी पानं वाचून मी सही केली. घाबरले नव्हते असं नाही. पण सही नीट, पूर्ण नावाची केली.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "जरा मुस्कुराइए." मी हसले. मला आतून अगदी नीट हसल्यासारखं वाटलं. मग शेजारी उभ्या असलेल्या नर्सचे डोळे दिसले. ती शिकाऊ होती, माझ्याहून लहान. तिने पटकन खाली बघितलं. आरसा मला तीन दिवसांनी मिळाला, पण माझा नवा चेहरा मी पहिल्यांदा तिथेच बघितला, तिच्या खाली गेलेल्या डोळ्यांत.

वॉर्डातले दिवस सारखेच असतात. सकाळी ड्रेसिंग, दुपारी डब्यांचा वास, संध्याकाळी नातेवाइकांची गर्दी. मला आठवते ती फरशी पुसणारी मौसी. पाचव्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली, नीट बघितलं, अगदी नवीन भांडं बघावं तसं, आणि म्हणाली, "बाईसा, बाल तो धो लो. चिपक गए हैं." टाके सांभाळून तिनेच एका बाजूने केस धुऊन दिले. तिने चेहऱ्याबद्दल काही विचारलं नाही. तिला केसांचं पडलं होतं. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

ओढणी

मग रेडिएशन. सहा आठवडे, रविवार सोडून रोज. तोंडाची चव गेली, गालाची कातडी भाजल्यासारखी काळी झाली. तिला ऊन लागू द्यायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून आईने लांबलचक सुती ओढणी आणून दिली. डोक्यावरून घ्यायची, चेहऱ्याला दोन वेढे द्यायचे, मागे गाठ मारायची, आणि डोळ्यांवर पारदर्शक गॉगल.

जयपूरला राहिलेल्यांना सांगायला नको. इथे उन्हाधुळीत स्कूटीवरच्या निम्म्या मुली अशाच बांधलेल्या असतात. कोणी कोणाला ओळखत नाही, कोणी विचारत नाही. चेहरा झाकायला याहून सोयीचं शहर सापडणार नाही. रेडिएशन संपलं, कातडी भरून आली, डॉक्टर म्हणाले आता टोपी पुरे. ओढणी मात्र सुटली नाही. दुकानात, लिफ्टमध्ये, डिसेंबरच्या थंडीत, सगळीकडे.

घरात तर वेगळंच चाललं होतं. गावाकडून मावशीचा फोन यायचा. "तोंड नीट होस्तवर कुणाला दावू नगा," असं ती आईला सांगायची आणि स्पीकर चालू असायचा. आई म्हणायची, "चल की गावाकडं. हितं कशाला नोकरीच्या मागं लागलीस? आधी बरी हो."

"आई, मी बरी झालेय. अशीच राहणारे मी."

"आसं बोलू नको!" आणि ती भांडी आपटायची. मी दार आपटायचे. आप्पा दोघींच्या मध्ये बसून पेपर उलटा धरल्यासारखा वाचायचे. मी आईवर रागावायचे, पण ओढणी मी स्वतःच बांधत होते, हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे एकीने सांगितलं.

बाबा, मामा, पापा

फिजिओथेरपीला मला आरशासमोर बसवून ओठ जुळवायची अक्षरं म्हणायला लावायचे. प, ब, म. अर्धे ओठ जुळतच नाहीत, हवा निसटते. मी चिकाटीने म्हणत होते, "बाबा. मामा. पापा. मामी."

शेजारच्या दांड्यांना धरून एक मुलगी चालायचा सराव करत होती. ती थांबली. "सगळे नातेवाईक बोलवून घेतले," ती मराठीत म्हणाली, "आता आत्या-काकांना पण येऊ दे ना. त्यांनी काय बिघडवलंय?"

मी हसले. अर्धी. ओढणी त्या वेळी खुर्चीवर होती आणि झाकायला वेळच मिळाला नाही.

ही गार्गी. बावीस वर्षांची, वडील बँकेत अधिकारी, बदलीने पुण्याहून आले ते वैशाली नगरमध्येच स्थिरावले. जन्मापासून तिचे पाय ताठ आहेत, दोन कुबड्यांवर चालते. गोपालपुऱ्यात बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते. मराठी बोलते पण मध्ये मध्ये हिंदीचा टेकू घेत. मला ती आवडली कारण तिला उत्तरं तयार असायची. लिफ्टमध्ये एक गृहस्थ तिच्या पायांकडे बघतच राहिले, तर म्हणाली, "अंकल, नई चप्पल है. अच्छी है ना?" ते बिचारे म्हणाले, "हाँ, बहुत अच्छी है."

आम्ही हिंडायला लागलो. ती कुबड्यांवर, मी ओढणीत. आणि आता जे सांगते ते लिहायला मला जड जातंय. तिच्याबरोबर असताना मला मोकळं वाटायचं, आणि त्याचं एक कारण मैत्री होतं. दुसरं कारण हे होतं की लोक तिच्याकडे बघायचे.

पताशीचा गाडा

पाणीपुरीला इथे पताशी म्हणतात. मालवीय नगरच्या बाजारात आम्ही उभ्या होतो. मी खात नव्हते, तोंडातून गळतं म्हणून. गार्गी एका कुबडीवर भार टाकून खात होती. एक अनोळखी मावशी शेजारी आल्या, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "बेटा, इसको बचपन से है क्या?"

आणि मी उत्तर दिलं. सगळं. सातव्या महिन्यात जन्मली, जन्मल्यावर लगेच रडली नाही, पायांची तीन ऑपरेशनं झाली. गार्गीने मला विश्वासाने सांगितलेलं सगळं मी त्या अनोळखी बाईला, पताशीवाला ऐकत असताना, सांगून टाकलं. मावशींनी "च् च्, बेचारी" म्हणत तिच्या केसांवरून हात फिरवला.

गार्गीने हातातला द्रोण खाली ठेवला. मावशी पुढच्या दुकानापाशी गेल्यावर म्हणाली, "तिने तुला का विचारलं माहितीये? तू नॉर्मल दिसत होतीस. मतलब, तुझा चेहरा दिसतच नव्हता."

"मी सहज सांगितलं गं."

"सहज नाही. तू खुश होतीस. मला दिसलं. तुझे फक्त डोळेच दिसतात, तेच खुश होते." तिचा आवाज चढला. "माझी गोष्ट देऊन तू स्वतःला वाचवलंस, यार. काढ ना ओढणी. सांग तिला तुझं काय झालंय ते. ती बघ, अजून तिकडेच उभी आहे."

मी हात ओढणीच्या गाठीपर्यंत नेला. तिथेच राहिला. गार्गीने रिक्षा थांबवली, कुबड्या आत टाकल्या, स्वतः चढली आणि गेली. माझी मदत घेतली नाही.

टंच किती?

अकरा दिवस तिने फोन उचलला नाही. त्याच दिवसांत माझ्या डोळ्याचं छोटं ऑपरेशन होतं. उजवी पापणी मिटत नव्हती, रोज पट्टी लावून झोपावं लागायचं, डोळा सुकत होता. डॉक्टरांनी सांगितलं की वरच्या पापणीत सोन्याचं छोटं वजन बसवू, मग पापणी आपल्याच भाराने खाली येईल.

त्या वेळी आप्पा बरोबर होते. दवाखान्यात कधीही तोंड न उघडणारे आप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"सोना? असली?"

"हाँ जी."

"टंच कितना? मतलब, शुद्ध कितना?"

"चौबीस कैरेट. मिलावट नहीं चलती."

"वजन?"

"सवा ग्राम के आसपास."

आप्पांनी मान हलवली, जसं काही व्यवहार पटला. बाहेर आल्यावर म्हणाले, "पस्तीस वरसं लोकांचं सोनं चोख केलं. घरात चोख सोनं आजच याया लागलंय, त्ये बी तुझ्या डोळ्यात." मग ते दुसरीकडे बघत राहिले. "झाकू नगंस आता. सोनं झाकाया तिजोरी आस्ती. तोंड कशाला झाकायचं?"

घरी आल्यावर त्यांनी आईलाही तेच सांगितलं.  दुसऱ्या दिवशी गावाकडून मावशीचा फोन आला तेव्हा तिने तो उचलून स्पीकर बंद केला, आणि म्हणाली, "कामात हाय गं पोरगी. कामावर जायाची तयारी करतीया."

बस

गार्गीच्या घरी मी बसने गेले. ओढणी घरी ठेवली. स्कूटीवर हेल्मेट असतं म्हणून मुद्दाम बसने. मालवीय नगर ते वैशाली नगर हा प्रवास पाऊण तासाचा, मला दिवसभराचा वाटला. एक लहान मुलगी आईच्या खांद्यावरून सबंध रस्ता बघत होती. एका कॉलेजच्या मुलाने मित्राला कोपर मारलं. कानापर्यंत घाम आला, पण उतरले नाही.

दार गार्गीनेच उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"ओढणी?"

"घरी."

"बसने आलीस?"

"हो. सगळे बघत होते."

"सगळे नाही बघत. कधी मोजून बघ, कमीच निघतात." ती दारातून बाजूला झाली नाही. "आणि सॉरी?"

"सॉरी. तू म्हणालीस ते खरं होतं. मी खुश होते."

तेव्हा ती बाजूला झाली. चहा पिताना माझ्या तोंडातून ओघळ आला, तिने टेबलावरचा रुमाल माझ्याकडे सरकवला आणि बोलणं चालू ठेवलं. मी म्हटलं, "तुला ती उत्तरं सुचतात कशी गं?"

"सुचत नाहीत. पाठ केलीत मी. रात्री झोपताना बनवते." तिने कप खाली ठेवला. "रोज जोक नाही येत, यार. काही दिवस मी क्लासला नाहीच जात. आईला सांगते पाय दुखतोय."

चार महिन्यांत हे मला दिसलं नव्हतं. मी स्वतःलाच लपवण्यात गुंतले होते.

त्या दिवशी आम्ही एक नियम केला. माझी गोष्ट मी सांगणार, तिची ती. कोणी एकीला दुसरीबद्दल विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "उसी से पूछिए ना, यहीं तो है." तुम्हालाही सुचवते. कामी येतं.

दोन मिनिटं

आमचे मॅनेजर राठौड़ सर माणूस चांगला. ते प्रेमानेच म्हणाले, "अर्चना, ईमेल वाली टीम में ले लेते हैं. आराम रहेगा. किसी के सामने आना ही नहीं पड़ेगा."

मला चीड आली, आणि एक क्षण वाटलं, घेऊन टाकावं. हे दोन्ही खरं.

"सर, आराम सहा महिने झाला," मी म्हटलं. "मला एक बॅच द्या. एक दिवस. नाही जमलं तर मी स्वतः ईमेलच्या टीमला जाईन."

सोमवारी चोवीस जण समोर होते. मी आत गेले, आणि सगळ्यांनी एकदम वह्यांमध्ये बघितलं. न बघणं हेसुद्धा बघणंच असतं. हे मी त्या शिकाऊ नर्सपासून ओळखते.

मी मार्कर खाली ठेवला. हिंदीत म्हटलं, "माझी एक नस ऑपरेशनमध्ये कापली गेलीय. तुम्हाला दोन मिनिटं देते. नीट बघून घ्या. काही विचारायचं असेल तर मला विचारा, शेजारच्याला नाही. नंतर दिवसभर बघायचं ते स्क्रीनकडे."

 मग पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "मैम, दर्द होता है?"

"आता नाही."

"ठीक हो जाएगा?"

"थोडंफार. पूर्ण नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "मैम, आँख बंद हो जाती है?"

"होते. पापणीत सोनं आहे. चोवीस कॅरेट." आणि मी डोळा मिटून दाखवला. सगळा वर्ग एकदम "हैं?" म्हणाला, आणि पहिल्यांदाच चोवीस माना वर आल्या.

"झाली दोन मिनिटं," मी म्हटलं. "पान तीन."

सगळं सोपं गेलं असं नाही. दुपारी पाणी पिताना ते हनुवटीवरून कुर्त्यावर उतरलं. मी वाक्याच्या मध्यावर होते. रुमाल काढला, पुसलं, वाक्य पुरं केलं. "प्रॉब्लेम" हा शब्द तीनदा फसला, चौथ्यांदा मी तो फळ्यावर लिहिला. काचेच्या दाराबाहेर राठौड़ सर उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

संध्याकाळी म्हणाले, "पूरा बैच तुम ही ले लो."

"लेखी द्या, सर," मी म्हटलं. कागदावर आल्याशिवाय आमच्या घरात काही खरं धरत नाहीत.

सिग्नल

गार्गी खाली गेटजवळ थांबली होती. तिला स्कूटीवर मागे घेतलं की कुबड्यांचं काय करायचं हा आमचा नेहमीचा घोळ. त्या दिवशी मी डिकीतून ती ओढणी काढली. चांगली लांब, मजबूत. कुबड्या स्कूटीच्या बाजूला आडव्या धरून बांधून टाकल्या.

सिग्नलला थांबलो. मी हेल्मेटची काच वर केली, हवा घ्यायला. शेजारच्या मोटरसायकलवरचा माणूस आमच्याकडे बघत होता. टक लावून.

"तुला बघतोय," गार्गी मागून म्हणाली.

"मला नाही, तुला."

"अरे, चेहरा तुझा उघडा आहे."

"कुबड्या तुझ्या आहेत."

"थांब, विचारते." आणि ती वाकून ओरडलीच, "भैया, किसको देख रहे हो? मुझे या इसको?"

तो गोंधळला. बोट खाली करून म्हणाला, "जी, वो दुपट्टा... टायर में आ जाएगा."

आम्ही खाली बघितलं. ओढणीचं एक टोक सुटून चाकाजवळ लोंबत होतं.

सिग्नल सुटला. मी स्कूटी कडेला घेतली, उतरले, आणि ओढणी कुबड्यांभोवती नीट बांधली. दोन वेढे, मागे पक्की गाठ. ती कशी बांधायची हे माझ्या हातांना चांगलं माहीत होतं.